चला, हात

बुरुलने कोपर काढून घेतलं.

झालं ते एवढंच. रोजच्यासारखाच ऊलकानने काठी टेकत रस्ता ओलांडला, रोजच्यासारखीच बुरुल फाटकाजवळच्या झाडाखाली उभी होती, तिच्या लोकरी कोटाला येणारा ओल्या मेंढीचा वासही रोजचाच होता, आणि ऊलकानचा हात न चाचपडता जिथे जायचा तिथेच गेला. कोपर होतं. बोटांना लागलं आणि गेलं. आधी तिला वाटलं, बुरुलला शिंक आली असेल. बुरुल शिंकताना सगळं अंग झाडते, हे अख्ख्या ‘जारिक’ला ठाऊक होतं. पण शिंक आली नाही. बुरुलच्या काठीची टकटक तेवढी पुढे निघाली, भट्टीवरच्या पावाच्या वासाच्या दिशेने, एकटीच, आणि ऊलकान हात अर्धवट पुढे धरून तशीच उभी राहिली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी भीक मागतेय.

“बुरुल? अगं, थांब की. दात दुखतोय का परत?”

“मंडळवाल्या बाईंना आमच्या कोपराची काय गरज?”

“काय झालंय काय?”

काठी थांबली. “काल तू सर्दी म्हणून घरी बसलीस. बरी साधली सर्दी. मेलिसने सगळ्यांना जेवणघरात बोलावून सांगितलं. जारिक बंद. आम्हा राहणाऱ्यांना कारा-बाल्ताच्या पलीकडे कुठल्याशा खेड्यात नेणार. रस्ता नाही, फुटपाथ नाही, कुत्री मोकाट. आणि म्हणे मंडळात एकाचाही विरोध नव्हता. तुझे हात वर होते, ऊलकान.”

“माझे? कशाला असतील माझे हात वर?”

“ते मला विचारतेस? हात तुझे. खोलीही तुझी, रस्त्यापलीकडे. पाटाच्या कडेकडेने आलीस की घर. तुला कुठे जायचंय?”

टकटक पुन्हा सुरू झाली. बुरुलला उजेड आणि अंधार एवढा फरक कळे, म्हणून दोघींत ती पुढे असायची आणि ऊलकान मागे. ब्रशच्या कारखान्यात दोघी शेजारी बसून घोड्याच्या शेपटीचे केस लाकडात ओवायच्या, तेव्हापासून हे असं होतं. दोघींची लग्नं झाली, दोघींचे नवरे गेले, देशाचं नाव बदललं, फ्रुंझेचं बिश्केक झालं, कारखान्याचं नुसतं कामघर उरलं, पण कोपर बदललं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या पाटातून डोंगरावरचं पाणी खळखळत होतं. चैत्रात पाणी सोडलं की आंधळ्या माणसाला शहर बोलायला लागतं. आज ते पाणी नुसतंच वाहत होतं. हात वर होते. ऊलकानने आपले हात खाली घेतले, कोटाच्या खिशात घातले आणि तिथेही ते तिला परके वाटले.

हात वर होते हे खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिला आठवलं ते सगळ्यात आधी मनगटाला आठवलं. मंडळाच्या त्या बैठकीत, शेवटी शेवटी, मेलिसने तिची दोन्ही मनगटं खालून हलकेच धरली होती आणि जरा उचलली होती. “थोडे वर, अपा. फोटो काढतायत.” त्याची बोटं गरम होती. तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. पोटच्या पोरासारखा हात लावतो, असं वाटलं होतं. पुढे कुणीतरी खाकरलं होतं, एक खुर्ची सरकली होती, आणि तिची दुआ संपल्यावर “ओमीन” आलं ते उशिरा आलं, पातळ आलं, कुणी म्हटलं कुणी नाही. भरल्या घरात ओमीन कसं येतं, धपकन, एकदम, ते काय तिला माहीत नव्हतं? पण साहेब लोक, त्यांना सवय नसेल, असं तिनेच मनाशी म्हटलं होतं. दुसऱ्याच्या वतीने सबबी शोधायची तिला फार हौस.

ती फाटकातून आत गेली नाही. पाटाच्या काठावर दगडी कठडा होता, त्यावर बसली. कुणी डोळस बाई “एजे, रस्ता ओलांडून देऊ का?” म्हणून थांबली, तिला तिने नको म्हटलं. पोरसवदा आवाजात कुणी असं विचारलं की तिला अजूनही मेलिसच आठवायचा. जारिकमध्ये जन्मलेलं ते एकुलतं एक डोळस पोर. आई आंधळी, बाप आंधळा, शेजारपाजार आंधळा. आंधळ्यांच्या घराला ‘जारिक’, म्हणजे ‘उजेड’, असं नाव ठेवणारा माणूस कोण होता कुणास ठाऊक, पण विनोदी असणार. मेलिस झाला तेव्हा मात्र सगळ्यांना वाटलं, नाव सार्थ झालं. त्याची आई दुसऱ्या पाळीला असली की ऊलकान त्याला घेऊन बसायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. दूध कोमट करून, बोट बुडवून बघून पाजायची. तो चालायला लागला आणि पाठोपाठ सगळ्यांना चालवायला लागला. सुटीच्या दिवशी सगळ्यांना बागेत जायचं असलं की हे एवढंसं पोर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि मोठ्याने ओरडायचं, “चला, हात!” मग सगळे एकमेकांचे हात धरायचे, बायका, पुरुष, मोठमोठे दांडगे गडी, आणि ती लांबच लांब रांग त्या पोराच्या बोटामागे रस्ता ओलांडायची. ट्रॉलीबसवाले थांबायचे. पलीकडे पोहोचलं की तो म्हणायचा, “सोडा,” आणि सगळे हसायचे.

तो सांगायचा ते त्यांचं जग असायचं. बर्फ पडलंय. नवी शिक्षिका सुंदर आहे. साहेबाच्या पँटला भोक आहे. अधूनमधून तो खोटं सांगतो हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कढईत बोरसोक संपले म्हणायचा आणि त्याच्या तोंडाला तळलेल्या कणकेचा वास यायचा. हसून सोडून द्यायचे. एकदा मात्र ऊलकानने त्याला मारलं होतं. जेवणानंतर घरातल्या एका म्हाताऱ्याने दुआ दिली, सगळ्यांनी ओंजळी पसरल्या, ओमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि मग तो तिच्या कानाशी येऊन खुसखुसत म्हणाला, “अपा, मी हात पालथे धरले होते. कुणाला कळलंसुद्धा नाही!” तिचा हात उठला तो थेट त्याच्या गालावर. पालथ्या हातांनी दुआ म्हणजे शाप. घरात शत्रूवरसुद्धा कुणी तो सहज उच्चारत नाही. ते रडायला लागलं, तेव्हा तिने त्याचे दोन्ही तळहात हातात घेतले, उताणे केले, आणि प्रत्येकावर फुंकर घातली. “कुणाला दिसत नाही म्हणून करायचं नसतं रे,” ती म्हणाली होती. हे सगळं तिला आता का आठवावं, याचा तिला राग आला. आठवण्याला काही ताळतंत्र नसतं.

आणि तोच मेलिस जारिकचा संचालक होऊन आला तेव्हा काय आनंद झाला होता सगळ्यांना! वर कुठेतरी नवा नियम झाला होता, बाहेरच्या देशांनी त्यासाठी मदत दिली होती: ज्यांच्यासाठी घर, त्यांनी घराच्या कारभारात बसायचं. मंडळात आंधळ्यांतली दोन माणसं हवीत, त्यांच्या संमतीशिवाय घराबाबत काही ठरवायचं नाही. दुसरा सभासद जुमाबेक कानाने गेलेला, त्यामुळे तो नाव तेवढं देऊन घरी बसला. ऊलकान जायची. जाताना चांगला कोट घालायची, रंग मेलिसला विचारून विकत घेतलेला. लांब गुळगुळीत टेबल होतं, व्हार्निशचा वास यायचा. तिच्यासमोर तिच्या नावाची पाटी ठेवलेली असायची म्हणे. तिने पहिल्या दिवशी त्यावर बोटं फिरवली तर ती काचेसारखी सपाट होती. ज्यांच्यासाठी ती पाटी होती त्यांना ती दिसत होती, झालं. मेलिस नेहमी तिच्या शेजारी बसायचा, कानात सांगायचा. टकला साहेब झोपलाय. बाईंनी नवीन चष्मा केलाय. तिला हसू आवरत नसे. आणि बैठक संपताना, सगळ्यांत वडीलधारी म्हणून दुआ तिची असायची. मेलिस म्हणायचा, “चला, हात,” लहानपणीच्याच सुरात, आणि तिचे तळवे आपोआप उघडायचे. परत आल्यावर ती कामघरात तासन्‌तास सांगत बसायची, कोण काय बोललं, मी काय बोलले. “तिथलं मला सगळं कळतं,” म्हणायची. म्हणायची खरी.

त्या दिवशी “चला, हात” नेहमीपेक्षा लवकर आलं होतं. जागेबद्दल कुणीतरी भराभरा काहीतरी वाचलं, मध्ये “पुनर्वसन” असा शब्द आला, तिने मेलिसला कोपराने ढोसून विचारलं, “काय म्हणतोय रे?” तो म्हणाला, “छपराचं. नंतर सांगतो.” आणि लगेच: “चला, हात.” तिने ओंजळ पसरली. लांबलचक दुआ दिली, मनापासून दिली. या घराची चूल विझू नये. या घराचा उंबरा झिजत राहो. यातलं कुणी बेघर होऊ नये. ती हे म्हणत होती, आणि टेबलाभोवती बाकीची माणसं एकेक हात वर करून बसली होती, आणि तिच्या दुआकडे पाहत होती, आणि एकही जण बोलला नाही. तेवढ्या सगळ्या डोळ्यांतून एकही तोंड उघडलं नाही.

ती उठली आणि कामघरात गेली. दार ढकलताच बाकांवरचा आवाज थांबला. जुमाबेकलासुद्धा कुणीतरी कोपरखळी मारली असावी, कारण तोच पहिला बोलला. “उठा रे, सभासदबाई आल्या. सलाम करा.” कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“मी दुआ देत होते,” ती दारातूनच म्हणाली. “मत मागतायत हे मला कुणी सांगितलं नाही. त्याने ‘चला, हात’ म्हटलं. मला वाटलं दुआ. मी तुमच्यासाठीच देत होते.”

घोड्याच्या केसांची सळसळ पुन्हा सुरू झाली. मग बुरुलचा आवाज आला, तिच्या नेहमीच्या जागेवरून, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती हे ऊलकानला आवाजावरूनच कळलं.

“दुआ आणि मत यातला फरक न कळण्याइतकी खुळी नाहीस तू. तेवढी खुळी असतीस तर इतकी वर्षं मी तुला माझं कोपर दिलं नसतं.”

 खरी ठरायचं तर तिने खुळी ठरायला हवं होतं. शहाणी ठरली तर विकली गेलेली. ती बाहेर पडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ट्रॉलीबसच्या थांब्यावर एकटी जाऊन उभी राहिली. बस आली की तारांवरून चर्र आवाज येतो, तो आला. कंडक्टरबाईने तिला बसवलं, उतरवलं. गाडीत कुणाच्या तरी पिशवीतल्या कांद्याच्या पातीचा वास येत होता आणि तिला आपण जेवलेलो नाही हे आठवलं. मेलिसच्या कचेरीचे जिने तिला पाठ होते, पण आज प्रत्येक पायरी जरा उंच लागली.

“अपा! एकट्या आलात? फोन करायचा, गाडी पाठवली असती.”

“मी हात वर केला होता का रे?”

“चहा सांगतो. दुधाचा. आधी बसा तरी.”

“मी उभी आहे तेच बरं आहे. मी दुआ देत होते, मेलिस. चूल विझू नये म्हणत होते. तू शेजारी होतास. तू माझी मनगटं धरून वर उचललीस.”

“फोटो होता.”

“फोटो होता म्हणून हात, की हात हवे होते म्हणून फोटो?”

 त्याची खुर्ची करकरली, खिडकी बंद झाली, रस्त्याचा आवाज गेला. खिडकी लावल्यावर माणसं खरं बोलतात, तसा तो बोलला.

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

किती सरळ म्हणाला! डोळे असलेल्या माणसाने आंधळ्याला खड्डा सांगावा तसं. ऊलकानला राग येईल असं वाटलं होतं, पण तिने नुसती टेबलाची कड धरली.

“मग मला तिथे बसवलं कशाला होतं?”

“नियम आहे ना. तुमच्यातलं कुणीतरी हवंच, त्याच्या हाताशिवाय ठराव होत नाही. दुसरं कुणी असतं तर दर वाक्याला अर्थ विचारत बसलं असतं. तुमचा माझ्यावर विश्वास होता.” मग आवाज चढला. “तुम्हाला वाटतं मला आवडतं हे? छप्पर गळतंय, पाइप फुटतायत, वरून रोज फोन, जागा रिकामी करा, जागा रिकामी करा. मी नाही केलं तर दुसरा करील, आणि तो तुमची खोलीसुद्धा ठेवणार नाही. ती मी ठेवली. माझ्या जिवावर ठेवली. आणि कधीतरी माझाही विचार करा, अपा. बाकीची पोरं नदीवर जायची. मी तुम्हाला रस्ते ओलांडून द्यायचो. मेलिस, पाऊस आहे का? मेलिस, दूध उतू गेलं का? मेलिस, बघ रे शर्टाला डाग आहे का? मला नीट बोलतासुद्धा येत नव्हतं तेव्हापासून मी अख्ख्या घराचे डोळे होतो. कुणी विचारलं मला, व्हायचंय का म्हणून?”

हे खरं होतं. तिच्या सगळ्यात जिव्हारी लागलं ते हेच, कारण बाकीच्या सगळ्यावर तिच्याकडे उत्तर होतं. त्या रांगेत हात धरून रस्ता ओलांडताना तिला केवढा आनंद व्हायचा, आणि रांगेच्या टोकाला असलेल्या त्या चिमुकल्या हाताला घाम सुटलेला असायचा, तो तिला लागायचा, आणि ती समजायची ऊन आहे.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “चुकलंच आमचं. पण ते बुरुलने का भरावं? तिला खेड्यात टाकून?”

“तिथे बरं आहे. डोंगर आहेत. मोकळी हवा.”

“तिला डोंगर दिसतात का रे? तिला पाट लागतो. पाव कुठल्या कोपऱ्यावर मिळतो ते लागतं. तिथे ती खोलीबाहेर पडणार नाही. वर्ष काढणार नाही ती. तुला हे माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, तुला आहे.”

 माहीत होतं त्याला.

“मंडळाला सांग, ऊलकानचा हात चुकून होता.”

“पुढची बैठक शरदात आहे.” तो तिच्याजवळ आला, तिचा कोट खांद्यावर नीट केला. “शनिवारी निरोपाचं जेवण ठेवलंय, सगळ्यांसाठी, मोठं दस्तरखान. बाहेरचे पाहुणे येतायत, आपलं काम बघायला. दुआ तुम्हीच द्यायची, अपा. तुमच्याशिवाय वडीलधारं कोण आहे?”

“येईन,” ऊलकान म्हणाली. दारात तिने थांबून विचारलं, “या कोटाचा रंग कुठला रे, खरंच?”

“निळा. सांगितलं होतं की.”

तिने मान हलवली. निळा असेलही. पण आता जिन्यावरून उतरताना, बसमध्ये, रात्री खाटेवर पडून, तिला त्याने आजवर सांगितलेलं एकेक आठवत राहिलं आणि एकेकाखालची जमीन सरकत राहिली. बर्फ पडलं होतं का? तिच्या नवऱ्याला नेताना फाटकाबाहेर रस्ताभर माणसं उभी होती, असं तो म्हणाला होता, ती होती का? त्याची आई गेली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, असं त्याने सांगितलं होतं. तिने त्या शांत चेहऱ्यावर किती रात्री काढल्या होत्या. एक वीट काढली तरी भिंत उभी राहते, असं तिला वाटायचं. ही भिंत अशी नव्हती.

शनिवारी जेवणघरात मटणाच्या रश्श्याचा आणि ताज्या बोरसोकचा वास होता, आणि त्याखाली बांधाबांधीचा, दोऱ्यांचा, जुन्या गाद्यांचा. बाहेर बस येऊन उभी होती. जेवणानंतर लगेच निघायचं होतं. पाहुण्यांच्या अत्तराचे वास टेबलाच्या वरच्या टोकाला होते, एक दुभाषी बाई हळू आवाजात काही ना काही समजावत होती. मेलिसने ऊलकानला वरच्या टोकालाच बसवलं. तिच्या डाव्या हाताला ओल्या मेंढीचा वास आला आणि तिला कळलं, मानाची माणसं म्हणून बुरुललाही इथेच बसवलंय. दोघी बोलल्या नाहीत. बुरुल जेवली नाही, तिच्या वाडग्यात चमचा वाजलाच नाही. भाषणं झाली. आंधळ्यांनी आपला निर्णय आपण घेतला, हे किती मोठं आहे, असं एक आवाज म्हणाला. दुभाषी बाईने ते दोनदा सांगितलं. टाळ्या पडल्या, टेबलाच्या वरच्या टोकालाच.

ऊलकानने रात्रभर विचार केला होता. ओरडावं, तर म्हातारी बरळली म्हणतील. निघून जावं, तर दस्तरखान सोडून उठलेली बाई म्हणतील. सगळ्यांसमोर सांगावं, तर पुरावा काय, तिचा शब्द, आणि तिच्या शब्दाला आता कामघरातसुद्धा भाव नव्हता. आंधळ्या माणसाचं असं असतं, त्याच्याकडून काय घेतलं ते त्यालाच सांगता येत नाही. त्याला साक्षीदार लागतो तो डोळस. आणि तिला एकच डोळस माहीत होता.

“आता अपा दुआ देतील,” मेलिस म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा ओलावा होता, तो खोटा नव्हता. तो तिच्याकडे वळला. “चला...”

“थांब,” ती म्हणाली. “मी म्हणते. चला, हात.”

टेबलाभर कपड्यांची सळसळ झाली. सगळ्यांनी ओंजळी पसरल्या. आंधळे दुआला ओंजळ पसरतात ती डोळसांपेक्षा जरा पुढे, हे तिला कुणीतरी कधी सांगितलं होतं, बहुतेक त्यानेच. ऊलकानने आपले हात पुढे केले, छातीच्या उंचीला, नीट, दिसतील असे. आणि पालथे केले. तळवे टेबलाकडे, शिरा वर.  हे हात तिने आयुष्यात कधी असे धरले नव्हते. वरच्या टोकाला एक चमचा वाजत होता, तो थांबला. कुणीतरी श्वास आत घेतला. दुभाषी बाई मध्येच गप्प झाली. मंडळातली माणसं तिथे होती, तिला त्यांचे खाकरे ओळखू येत होते. त्यांना दिसत होतं. या मुलखात जन्मलेल्या कुणालाही ते काय आहे हे सांगावं लागत नाही. पण कुणी बोललं नाही. मागच्या वेळीही ही अशीच शांतता होती, फक्त तेव्हा ती तिला ऐकू आली नव्हती.

“मेलिस,” ती म्हणाली, अगदी सहज, खिडकीत ऊन आहे का विचारावं तशी, पण टेबलाच्या खालच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. “तू लहानपणी सगळं सांगायचास. आत्ताही सांग. माझे हात कसे आहेत?”

तिने मनाशी ठरवलं होतं. तो एवढंच म्हणाला असता, “अपा, पालथे झालेत,” तर ती ते तिथल्या तिथे उताणे करणार होती. त्याच्या गालावरून फिरवणार होती. त्याला दुआ देणार होती, बस निघून गेली असती तरी, घर गेलं असतं तरी. एकदा, सगळ्यांसमोर, त्याने दिसतं ते सांगावं. याहून जास्त तिला त्याच्याकडून काही नको होतं. ती वाट पाहत राहिली. तिचे दंड भरून आले. दूध पाजताना बाळ झोपून जायचं, तेव्हा ते असेच भरून यायचे आणि ती हलायची नाही.

“पसरलेले आहेत, अपा,” मेलिस म्हणाला.

“वर?”

“वर.” आणि लगेच: “ओमीन!”

ओमीन, म्हणाले सगळे. खालच्या टोकाकडून आलं ते धपकन, एकदम, भरल्या घरातलं ओमीन. आंधळ्यांनी आपापल्या चेहऱ्यावरून हात फिरवले. ऊलकानचे हात तिथेच होते. तिला ते खाली घेता येईनात आणि उलटवताही येईनात, ते आता तिचे राहिले नव्हते.

मग डावीकडून तिच्या हाताला बोटं लागली. बुरुलची बोटं, घोड्याच्या केसांनी कापून कापून खरखरीत झालेली. ती आधी बोटांच्या टोकांना लागली, मग पेरांवरून, शिरांवरून मनगटापर्यंत आली, थांबली, परत गेली, पुन्हा आली. ब्रश नीट ओवला गेलाय का हे तपासताना ती असंच करायची, घाई न करता, दोनदा. बुरुलने अजून चेहऱ्यावरून हात फिरवला नव्हता. ऊलकानला तिचा श्वास ऐकू येत होता.

बाहेर बसवाल्याने हॉर्न वाजवला. बाक सरकले, माणसं उठायला लागली, कुणी कुणाची काठी शोधू लागलं. “अपा, चला, त्यांना निरोप द्यायला,” मेलिस म्हणाला आणि त्याने तिचं मनगट धरलं. ते हललं नाही. तिच्या हातांशेजारी, अगदी चिकटून, बुरुलने आपले दोन्ही हात पुढे धरले होते, आणि तेही पालथे होते.